सरकारी संशोधन अनुदान: छोट्या उद्योगाने प्रस्ताव कसा लिहावा

भोसरी, चाकण, पिरंगुट, कुदळवाडी. पुण्याभोवतीच्या या पट्ट्यात दहा-पंधरा माणसांची कितीतरी युनिट्स आहेत, जिथे मालकाच्या डोक्यात नवं काहीतरी घोळत असतं आणि ते करायला हातही तयार असतात. अडतं ते पैशावर. चालू ऑर्डरींतून सुटणारा पैसा पगारात आणि हप्त्यांत जातो. ज्या वस्तूची विक्रीच सुरू झालेली नाही तिच्यासाठी बँक कर्ज देत नाही. गुंतवणूकदाराला आधी ग्राहक दाखवावा लागतो. नेमक्या याच टप्प्यासाठी सरकारची संशोधन अनुदानं आहेत. हा पैसा परत करायचा नसतो आणि त्या बदल्यात कंपनीचा हिस्साही द्यावा लागत नाही.

तरीही चांगल्या कल्पना असलेले प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाजूला पडतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. प्रस्ताव माहितीपत्रकासारखा लिहिलेला असतो: उत्पादन क्रांतिकारी, बाजारपेठ प्रचंड, टीम अनुभवी. अनुदान देणाऱ्याला हवी असतात तीन वेगळी उत्तरं. तुम्हाला अजून नेमकं काय माहीत नाही? ते तुम्ही कसं शोधणार? आणि शोधलंत हे आम्हाला कशावरून कळणार? ज्या प्रस्तावात ही तीन उत्तरं पहिल्या पानावर सापडतात, तो शेवटपर्यंत वाचला जातो.

पैसा कुठल्या प्रकारचा, ते आधी ओळखा

संशोधनासाठी अनुदान मिळेल का, अशी चौकशी करायला लोक जिल्हा उद्योग केंद्रात जातात. तिथे मिळते ती उद्योग उभारणीची सबसिडी. केंद्राची पीएमईजीपी किंवा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम घ्या: बँक कर्ज मंजूर करते आणि प्रकल्पखर्चाचा ठरावीक टक्का सरकार भरतं. त्यासाठी लागणारा प्रकल्प अहवाल म्हणजे विक्रीचा अंदाज, नफा-तोटा आणि परतफेडीचं वेळापत्रक. जे चालतं हे आधीच माहीत आहे, अशा धंद्यासाठी तो बरोबरच आहे. पण तोच अहवाल वरचं पान बदलून संशोधन अनुदानाला जोडला, तर समीक्षकाला त्यात संशोधन सापडतच नाही.

दुसरा प्रकार स्वस्त कर्जाचा. केंद्राचं तंत्रज्ञान विकास मंडळ देशी तंत्रज्ञान बाजारात आणायला प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत कर्ज देतं, 5 टक्के सरळ व्याजाने. 2025 मध्ये मंजूर झालेला 1 लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधी हाही मुख्यतः दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांचा आणि भागभांडवलाचा आहे. बातमीतला आकडा डोळे दिपवणारा असला तरी तो पैसा परत करायचा आहे, हे लक्षात ठेवून आखणी करा.

तिसरा प्रकार म्हणजे निखळ अनुदान. छोट्या उद्योगांना अशा रीतीने संशोधनाचा पैसा देण्याची पद्धत अमेरिकेत 1982 च्या कायद्याने पक्की झाली. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, असा तो कायदा. तिथे तीन टप्पे आहेत: कल्पना शक्य आहे का ते तपासणं, ती विकसित करणं, आणि बाजारात नेणं. तिसऱ्या टप्प्याला या राखीव निधीतून पैसा मिळत नाही. ही विभागणी समजली की आपल्याकडच्या योजनांचाही स्वभाव कळतो. आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 मध्ये छोट्या उद्योगांच्या संशोधनासाठी एसबीआयआरआय ही योजना सुरू केली आणि 2012 मध्ये जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणारी बिराक ही स्वतंत्र संस्था उभी केली.

पुण्यातल्या छोट्या उद्योजकाच्या आवाक्यातल्या काही योजना अशा. बिराकचं 'बिग' अनुदान 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत असतं. त्याची जाहिरात साधारणपणे वर्षातून दोनदा, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला निघते, आणि पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर हे या योजनेच्या भागीदार केंद्रांपैकी एक आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, प्रोटोटाइपसाठी (पहिल्या चालत्या नमुन्यासाठी) 10 लाखांपर्यंत देते. 2021 मध्ये 945 कोटींच्या तरतुदीने सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून प्रोटोटाइप व चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्याला डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप म्हणून मान्यता लागते आणि कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांहून जास्त काळ झालेला चालत नाही. संरक्षण क्षेत्रासाठी 2018 पासून आयडेक्स ही योजना आहे. तिथे सैन्यदलंच आपल्या अडचणी जाहीर करतात आणि निवडलेल्या कंपनीला दीड कोटीपर्यंत मिळतात. मात्र कंपनीलाही आपला वाटा घालावा लागतो. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी त्याहून मोठ्या कामांसाठी, 50 कोटींपर्यंतच्या प्रकल्पांसाठी आहे. अटी आणि रकमा बदलत राहतात, म्हणून ज्या जाहिरातीला अर्ज करणार तिची पात्रता ओळ न ओळ वाचा. पात्रतेत बसत नसलेला उत्तम प्रस्ताव कुणी उघडूनही पाहत नाही.

तुम्ही आज कुठे उभे आहात

बहुतेक अर्जांत टीआरएल विचारतात. तंत्रज्ञान किती तयार आहे हे सांगणारी ही शिडी 'नासा'त 1970 च्या दशकात आकाराला आली, आणि आज तिला नऊ पायऱ्या आहेत. पहिल्या तीन पायऱ्या कल्पना आणि ती तत्त्वतः चालते याचा पुरावा, चौथी प्रयोगशाळेतली चाचणी, पाचवी-सहावी खऱ्यासारख्या परिस्थितीतली, सातवीला प्रोटोटाइप प्रत्यक्ष जागेवर चालतो, आणि नववीला वस्तू रोजच्या वापरात सिद्ध झालेली असते.

इथे एक मोह होतो: आपली पायरी वाढवून सांगायची. सात लिहिलंत तर समिती साहजिकच विचारेल की मग संशोधनाचा पैसा कशाला हवा, बँकेकडे जा. खरी पायरी लिहा, ती कशावरून ठरवली त्याचा पुरावा जोडा (फोटो, चाचणीची वही, मोजमापं), आणि या अनुदानातून कुठली पायरी गाठणार ते सांगा. एका अनुदानात दोन पायऱ्या चढणं पुष्कळ झालं.

एक उदाहरण, जरा जवळून

समजा, भोसरीत चार जणांचं एक इलेक्ट्रॉनिक्स युनिट आहे. त्यांना कांदा चाळीत बसवायचं उपकरण करायचं आहे: कांद्याला सड लागायला लागली की शेतकऱ्याला आधीच कळवणारं. विषय जवळचा आहे. जुन्नर, खेड, आंबेगाव, शिरूर हे सगळे कांद्याचे तालुके, चाकणचा बाजार शेजारी, आणि राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय. पहिल्या मसुद्यात ते लिहितात:

"भारतात दरवर्षी लाखो टन कांदा सडतो. आमचं आयओटी व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित उपकरण सड ओळखून शेतकऱ्याच्या मोबाईलवर तत्काळ इशारा देईल. हे जगातलं पहिलं परवडणारं उपकरण असून यामुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न दुप्पट होईल."

यातलं एकही वाक्य समीक्षकाच्या उपयोगाचं नाही. लाखो टनांचा आकडा त्याने इतर प्रस्तावांतही वाचलेला असतो. 'जगातलं पहिलं' हे तो दोन मिनिटांत इंटरनेटवर तपासतो, आणि तसंच काही सापडलं की पुढच्या सगळ्या दाव्यांवरचा त्याचा विश्वास उडतो. उत्पन्न दुप्पट कसं होणार याचं गणित कुठेच नाही. आणि उपकरण इशारा 'देईल' असं ठामपणे म्हटल्यावर संशोधन करायला उरतं काय?

आता मुळात जाऊ. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत भरला जातो आणि भाव पाहत पाहत ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडतो. मध्ये सगळा पावसाळा. चाळीतलं नुकसान तीन वाटांनी होतं: पाणी उडून वजन घटतं, कोंब येतात, आणि काळ्या बुरशीसारख्या रोगांनी सड लागते. या उपकरणाचा संबंध फक्त तिसऱ्या वाटेशी आहे. हे प्रस्तावात स्वच्छ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, या लोकांनी चाळ आतून पाहिलेली आहे.

सडणाऱ्या कांद्यातून जे वायू सुटतात ते स्वस्त मेटल ऑक्साइड सेन्सरला जाणवू शकतात. अडचण दोन ठिकाणी आहे. निरोगी कांद्यालाही गंधकाच्या संयुगांचा उग्र वास असतोच. आणि या जातीच्या सेन्सरचं वाचन हवेतल्या आर्द्रतेने हलतं. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत ते नुसत्या दमटपणानेही वर जाऊ शकतं. त्यात चाळ खालून आणि बाजूंनी हवेशीर बांधलेली, म्हणजे सुटलेला वायू तिथे साठून राहत नाही. तर खरा प्रश्न असा: बंद डब्यात जे जमतं ते पावसाळ्यातल्या उघड्या चाळीत जमेल का? हे त्या चौघांना माहीत नाही, आणि अनुदान मागायचं ते हे माहीत करून घ्यायलाच. मग तोच परिच्छेद असा होतो:

"स्वस्त मेटल ऑक्साइड सेन्सर बंद डब्यात सडका कांदा ओळखतो, हे आम्ही आमच्या युनिटमध्ये तपासलं आहे, मोजमापं जोडपत्र 1 मध्ये आहेत. हवेशीर चाळीत, पावसाळी आर्द्रतेत, निरोगी कांद्याच्या वासातून सडीचा वास वेगळा काढता येतो का, हे अजून आम्हाला माहीत नाही. या प्रकल्पात आम्ही तेच तपासू. कप्प्यातला 2 टक्के कांदा सडण्याआधी 10 पैकी किमान 8 वेळा इशारा मिळाला, आणि एका कप्प्यामागे महिन्याला एकापेक्षा जास्त खोटा इशारा आला नाही, तर पद्धत चालते असं मानू. निकाल याहून कमी आला, तर आर्द्रतेची दुरुस्ती करणारा दुसरा सेन्सर जोडून तीच चाचणी पुन्हा घेऊ."

इथे यशाची व्याख्या आकड्यात आहे आणि ती काम सुरू होण्याआधी लिहिली आहे. अपयश आलं तर पुढे काय, तेही लिहिलं आहे. 'आम्हाला माहीत नाही' असं लिहायला पुष्कळ उद्योजक कचरतात. ग्राहकासमोर तसं बोलायची सवय नसते. समितीतले लोक मात्र बहुधा संशोधक असतात. त्यांच्या कामाची सुरुवातच या वाक्याने होते, त्यामुळे ते वाचून त्यांचा विश्वास वाढतो.

आकडे मात्र हवेतून काढू नका. 2 टक्केच का, हे समिती विचारणारच. उत्तर शेतकऱ्यांशी बोलून मिळवलेलं असावं: किती सड असताना कळलं तर चाळ उपसून कांदा निवडायची मजुरी परवडते? पाच-सहा शेतकऱ्यांशी बोलून त्यांची उत्तरं एका तक्त्यात मांडली, तर तो तक्ता बाजारपेठेच्या कुठल्याही मोठ्या आकड्याहून जास्त वजनदार ठरतो. आणि सड प्रत्यक्षात किती झाली, हे ठरवणार कोण? दर पंधरा दिवसांनी ठरावीक क्रेट बाहेर काढून, कांदा निवडून, सडका आणि चांगला वेगवेगळा वजन करायचा. निवडणाऱ्याला सेन्सरचं वाचन आधी सांगायचं नाही. हे शेवटचं वाक्य छोटंसं आहे, पण चाचणीची शिस्त तुम्हाला कळते हे त्यातून दिसतं.

मग वेळापत्रक. अनेक प्रस्तावांतला तक्ता 'महिना 1 ते 3: डिझाइन, महिना 4 ते 6: चाचणी' असा असतो, जणू कांदा बाराही महिने चाळीत असतो. अर्ज, छाननी, सादरीकरण, करार यांत बरेच महिने जातात आणि पहिला हप्ता कधी पडेल ते तुमच्या हातात नसतं. काम नेमकं मेच्या सुरुवातीलाच सुरू झालं नाही, तर 18 महिन्यांत मे ते ऑक्टोबरचा पूर्ण हंगाम एकदाच मिळतो. म्हणून प्रस्तावात लिहायचं: आर्द्रता नियंत्रित पेटीतली चाचणी हंगामाआधी, चाळीतली मे ते ऑक्टोबर, विश्लेषण त्यानंतर, आणि पैसा जूनच्या पुढे आला तर पेटीतलं काम वाढवून चाळीतलं काम पुढच्या मे महिन्यात नेऊ. शेतीशी, हवामानाशी किंवा रुग्णांच्या भरतीशी जोडलेल्या प्रत्येक प्रकल्पाला असा एक हंगाम असतो. आपला कुठला, ते शोधा.

अंदाजपत्रक: प्रत्येक रकमेला कारण

अंदाजपत्रकात समिती सर्वांत आधी पाहते ती त्याची कामाशी जुळणी. जे काम योजनेत आहे त्याला पैसा हवा, आणि पैसा मागितलेली प्रत्येक गोष्ट कामात दिसायला हवी. आपल्या उदाहरणात: 6 चाळी, प्रत्येकीत 4 उपकरणं (दोन मध्यभागी, एकेक दोन्ही टोकांना), म्हणून 24. एकाची किंमत समजा 6,500 रुपये, म्हणून 1,56,000. नुसतं 'सेन्सर: 1.5 लाख' असं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण 24 का, याचं उत्तर त्याच ओळीत आहे. पंधरा दिवसांनी एक फेरी म्हणजे सहा महिन्यांत 12 फेऱ्या. प्रवासखर्च तेवढ्याच फेऱ्यांचा मागायचा.

महागडं यंत्र विकत घ्यायचा मोह आवरा. सडीतून नेमके कुठले वायू सुटतात ते जीसी-एमएसवर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासावं लागेल, पण त्यासाठी ते यंत्र घ्यायला नको. सरकारी प्रयोगशाळांत आणि विद्यापीठांत पैसे भरून नमुने तपासून मिळतात. कुठलं यंत्र देशात कुठे आहे ते सांगणारं आय-स्टेम नावाचं राष्ट्रीय पोर्टल आहे, तिथे शोधून दरपत्रक मागवा आणि अंदाजपत्रकाला जोडा. बाकीच्या खरेदीचीही कोटेशन्स जोडा आणि जीएसटी धरूनच रक्कम लिहा. जमीन, इमारत, जुनी देणी, जाहिरातबाजी यांना संशोधन अनुदानात सहसा जागा नसते.

कमी मागितलं की लवकर मंजूर होतं, हा समज मला फार घातक वाटतो. निम्म्या पैशात काम होणार नाही हे तज्ज्ञाला दिसतं, आणि मग एक तर तुम्हाला कामाचा अंदाज नाही किंवा तुम्ही तो लपवताय, असा अर्थ निघतो. लागतील तेवढे मागा आणि प्रत्येक रुपयाचं कारण द्या. जिथे कंपनीचा वाटा द्यावा लागतो तिथे तो कुठून येणार, हेही बँकेच्या कागदासह दाखवा.

माणसं, पत्रं आणि पेटंट

टीमच्या पानावर पदव्यांची यादी देण्यापेक्षा कुठलं काम कोण करणार ते लिहा. सर्किट कोण करणार, आकडेवारीचं विश्लेषण कोण, चाळीत पंधरा दिवसांनी जाणार कोण. त्या चौघांत कांद्याच्या रोगांचं ज्ञान कुणालाच नसेल तर ती उणीव समितीला दिसतेच. तुम्हीच आधी ती लिहा आणि ती भरून काढणारा सल्लागार नेमा. तो महिन्याला किती तास देणार, हे त्याच्या सहीच्या पत्रात हवं.

पाठिंब्याची पत्रं हा माझ्या मते सर्वांत वाया जाणारा भाग आहे. 'अमुक कंपनीचा उपक्रम स्तुत्य असून आम्ही शुभेच्छा देतो' अशा पत्राने काहीच सिद्ध होत नाही. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने लिहिलेलं 'मे ते ऑक्टोबर या काळात आमच्या सभासदांच्या 6 चाळींत उपकरणं बसवू देऊ, पंधरवड्याला निवडणी करून वजनाची नोंद ठेवू' असं चार ओळींचं पत्र मिळालं, तर समितीला कळतं की हा प्रयोग उद्या सुरू होऊ शकतो. पत्राचा मसुदा तुम्हीच करून न्या. समोरचा माणूस आनंदाने सही करतो, फक्त त्याला काय लिहायचं ते सुचत नसतं.

पेटंटचं काम प्रस्तावाआधी करा. एकदा का तुम्ही प्रदर्शनात मांडलंत, व्हिडिओ टाकलात किंवा लेख छापलात, की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख पक्की करता येते. संपूर्ण तपशिलाचा अर्ज त्यापासून 12 महिन्यांत करावा लागतो. मान्यताप्राप्त स्टार्टअपला पेटंटच्या शुल्कात मोठी सवलत असते. आणि आधीची पेटंटं स्वतः शोधून वाचा. तुमच्यासारखं काम कुणी केलेलं सापडलं तर घाबरू नका. ते प्रस्तावात लिहा आणि तुमचं काम कुठे वेगळं आहे ते दोन वाक्यांत सांगा. समितीने ते शोधून तुमच्यासमोर ठेवण्यापेक्षा हे फार बरं.

काम वैद्यकीय असेल तर परवानग्यांचा काळही धरावा लागतो. माणसांवर चाचणी असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि उपकरण 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली कुठल्या वर्गात येतं ते आधी माहीत हवं. 'परवानगी घेऊ' असं एका ओळीत उरकलेलं समितीला चालत नाही.

सादरीकरणाचा दिवस

छाननीतून पुढे गेलात की बोलावणं येतं. वेळ थोडा असतो आणि त्यातला मोठा भाग प्रश्नोत्तरांत जातो, तेव्हा स्लाइड्स मोजक्या ठेवा. उपकरण चालत असेल तर सोबत न्या किंवा एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा. भाषेची चिंता नको. आपल्याकडची मुलं इंग्रजीच्या धास्तीने पाठ केलेलं बोलतात आणि पहिल्या उपप्रश्नाला अडखळतात. त्यापेक्षा साध्या, तुटक वाक्यांत पण स्वतःच्या कामाबद्दल बोललेलं समिती ऐकून घेते. ज्याने काम केलं आहे त्यानेच उत्तर द्यावं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि ते कसं शोधाल ते सांगा.

एका प्रश्नाची तयारी नक्की करून जा: हे तंत्रज्ञान चाललं तर विकत कोण घेणार आणि का? शेतकरी स्वतः 6,500 रुपये घालेल, की उत्पादक कंपनी घेईल, की व्यापारी? तीन गिऱ्हाइकांशी प्रत्यक्ष बोलून आणलेलं उत्तर इथे कामी येतं.

दलालांबद्दलही सांगायला हवं. प्रस्ताव लिहायला मदत घेणं योग्यच आहे, आणि इन्क्युबेटरमधली माणसं ती मनापासून करतात. पण 'मंजुरी आणून देतो, टक्केवारी द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा. निर्णय तज्ज्ञ समिती घेते, आणि दुसऱ्याने लिहून दिलेला प्रस्ताव प्रश्नोत्तरांत टिकत नाही.

मंजुरीनंतरचा हिशोब, आणि नकारानंतरचा

अनुदान हप्त्यांनी येतं आणि पुढचा हप्ता माइलस्टोन, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, गाठल्यावर. म्हणून माइलस्टोन मोजता येतील असे लिहा: 'सेन्सरचा विकास पूर्ण' असं मोघम लिहू नका, '40 ते 95 टक्के आर्द्रतेत पेटीतली चाचणी पूर्ण, अहवाल सादर' असं लिहा. दोन हप्त्यांच्या मध्ये पैसा रखडू शकतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी तजवीज आधीच ठेवा. छोटी युनिट्स इथेच मोडतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं, कारण काम चांगलं चाललेलं असतं.

पैशासाठी वेगळं बँक खातं ठेवा. बिराकसारख्या संस्था ते बंधनकारकच करतात. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे अनुदान ज्या कामासाठी दिलं त्यासाठीच खर्च झालं, असं उपयोगिता प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. खात्यात पडून असलेल्या रकमेवरचं व्याज सरकारचं असतं. यंत्रासाठी मंजूर झालेले पैसे पगाराला वळवायचे तर आधी लेखी परवानगी घ्या. तुमच्या सीएला अर्ज करतानाच या सगळ्याची कल्पना द्या, मार्चअखेर धावपळ होत नाही. प्रयोगाचा निकाल नकारार्थी आला तरी काम प्रामाणिक आणि हिशोब चोख असेल, तर पुढच्या अर्जाला तोच अहवाल उपयोगी पडतो.

नकार आला तर समितीचे अभिप्राय मागा आणि ते दोन दिवस बाजूला ठेवून मग वाचा. त्यात बहुधा दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही ठिकाणी समितीला समजलंच नाही असं वाटेल. तिथे तुमचं लिखाण बदलायचं. काही ठिकाणी खरंच उणीव असेल, उदाहरणार्थ प्राथमिक आकडेवारी अपुरी. तिथे स्वतःच्या खर्चाने छोटी चाचणी करून मगच पुन्हा अर्ज करायचा. बिगसारखी योजना वर्षात दोनदा खुली होते, तेव्हा जानेवारीला हुकलेला प्रस्ताव जुलैला आणखी पक्का होऊन जाऊ शकतो. दुसऱ्या अर्जात मागच्या आक्षेपांवर काय केलं ते सुरुवातीलाच लिहा. आणि प्रोव्हिजनल पेटंटची 12 महिन्यांची मुदत या सगळ्या काळात थांबलेली नसते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा.